हनुवटीवरचा व्रण

माझ्या एका चित्रासमोर बायका जरा जास्त वेळ थांबतात. काहींचे डोळे पाणावतात, आणि "आईची माया कशी उतरलीय!" असं कुणीतरी म्हणतंच. ते ऐकून मला बरं वाटतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटतं. पण त्या कौतुकाची बोचही मागे राहते. चित्रात माया आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कुणावरची आहे, हे मात्र मला स्वतःला एकदा नीट विचारायचं आहे, आणि उत्तर गैरसोयीचं निघालं तरी लिहून टाकायचं आहे.

चित्र तसं लहान, वहीच्या पानाएवढं. जुन्या दरबारी मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या वहीत, शोभेल अशा बेताचं. फुलांनी लगडलेल्या झाडाखाली एक आई बसली आहे, तिच्या मांडीवर डोकं टेकून मुलगी निजली आहे. मागे सोन्याचं आकाश. भोवती निळ्या-सोनेरी रेघांची जदवल आणि तिच्याबाहेर रुंद हाशिया. मुलीने बारावीनंतर शिकायला दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं, तेव्हा मी ते करायला घेतलं. तिच्यासाठी. निदान तेव्हा मी सगळ्यांना तसं सांगत होते.

मी मूळची नगरची. सरकारदरबारी आता ते अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी जुनं नाव बसलंय. घरात दखनी, शाळेत मराठी, मोहरमला कोठल्याची सवारी बघायला अब्बांच्या खांद्यावर, असं बालपण. दादीच्या नमाजच्या खोलीत एकही तसबीर नव्हती. दुकानदाराने दिलेल्या कॅलेंडरवर माणसाचं चित्र असलं तर ते स्वयंपाकघरात लागायचं. माझी चित्रं ती हातात घेऊन बघायची, "हात चांगला आहे तुझा" म्हणायची आणि ठेवताना पालथी ठेवायची. सजीवांची चित्रं काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी म्हटलं जाईल की आता यात जीव घालून दाखव, आणि त्याला ते जमणार नाही, अशा अर्थाची हदीस आहे. ती तिने मला सांगितली होती. मनाई तिने कधीच केली नाही.

पुढे वाचायला लागल्यावर मला तिच्यासाठी उत्तर सापडलं. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे: चित्रकार एकेक अवयव रेखत जातो, पण त्यात प्राण ओतणं आपल्या हाती नाही हे त्याला कळतं, आणि म्हणून त्याला देणाऱ्याची आठवण होतेच. मोठं हुशार उत्तर. पुष्कळ वादांत मी ते वापरलं. आता वाटतं, दादीची धास्ती आणि बादशहाचा बचाव दोघांनीही बोट एकाच जागी ठेवलं होतं. जीव आपल्या हातचा नाही. चित्रकाराला हे पटवून घ्यायला फार जड जात नाही. आईला जातं. पोटातून जन्माला घातलेल्या माणसाबद्दल "हा जीव माझा नाही" असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या हिशेबाची पहिली रक्कम इथे आहे.

चित्र पुरं झालं तेव्हा मुलीने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अम्मी, माझं नाक असं नाहीये."

नाहीच. तिचं नाक तिच्या अब्बांवर गेलंय, बसकं आणि रुंद. शिवाय हनुवटीवर सायकलवरून पडल्याचा व्रण आहे. चित्रातल्या मुलीचं नाक सरळ, धारदार, हनुवटी गुळगुळीत, डोळे लांबट, कानाकडे ओढलेले. मी तिला समजावलं की या शैलीत चेहरे असेच असतात. त्यात एका माणसाचं नाक शोधायचं नसतं.

हे खरंही आहे. मुघल चित्रांतल्या बेगमांचे चेहरे बघा, जवळपास एकाच साच्यातले. पडद्यातल्या बाईला समोर बसवून चित्र काढायची सोय दरबारी चित्रकाराला सहसा नव्हती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या अकबरनाम्याच्या चित्रांत अकबराची आई हमीदाबानू नावेतून आग्र्याकडे निघाल्याचं एक चित्र आहे. नाव आहे, नदी आहे, लवाजमा आहे. बेगम मात्र कुणीही असू शकते.

पण याच परंपरेने पुरुषांच्या चेहऱ्यांशी काय केलं तेही मला ठाऊक होतं. जहांगीरच्या काळात हुबेहूबपणाचा ध्यासच लागला होता. १६१८ मध्ये इनायत खान नावाचा दरबारी अफू आणि दारूने पोखरून मरायला टेकला, तेव्हा बादशहाने त्याचं चित्र करून घेतलं. बॉस्टनमध्ये त्याचं रेखाटन आहे, ऑक्सफर्डमध्ये रंगीत चित्र. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. आत गेलेले गाल, तक्क्यांना टेकलेला हाडांचा सापळा, आणि डोळ्यांत अजून थोडीशी धुगधुगी. मेहरबानी म्हणून एकही रेघ गोड केलेली नाही. म्हणजे खरं नाक काढायची मुभा या कलेत होती. मी दोन वाटांपैकी सोयीची उचलली आणि तिला परंपरेचं नाव दिलं. चित्रातली मुलगी शांत आहे, निजली आहे, उलटून बोलत नाही, दार आपटत नाही. मला अशी मुलगी हवी होती का? कधीकधी, हो. रात्री उशिरा थकून टेबलाशी बसले की, हो.

अबुल फजलचीच एक गोष्ट या संदर्भात मला छळते. १५४३ मध्ये हुमायून आणि हमीदाबानू जीव वाचवायला इराणकडे निघाले आणि वर्षभराचा अकबर मागे राहिला, चुलत्याच्या ताब्यात. १५४५ मध्ये काबूल परत मिळाल्यावर मायलेकरांची भेट झाली. तेव्हा पुष्कळ बायकांमध्ये आई बसली असताना त्या चिमुरड्याने तिला बरोबर ओळखलं आणि तिच्या मांडीवर झेप घेतली, असं अबुल फजल लिहितो. दरबारी इतिहासकाराला बादशहाच्या बालपणीचे चमत्कार लिहावेच लागतात, हे धरूनही गोष्ट चांगली आहे. त्यात ओळखण्याचं काम मुलाकडे आहे. माझ्या चित्रात मुलीचे डोळे मिटलेले आहेत. तिने मला कसं बघितलं असतं, याची जागाच मी ठेवलेली नाही.

आता श्रमांबद्दल. कारण "एवढी मेहनत मायेशिवाय होते का?" असं मला विचारलं जातं, आणि मी हसून मान डोलावते.

मेहनत आहे, यात वाद नाही. पातळ कागदांचे थर मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवून वसली बनते. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. वाळली की अकीकच्या दगडाने ती घोटायची, हात सरकेल इतकी गुळगुळीत होईपर्यंत. मग खाका, म्हणजे कच्चं रेखाटन, उतरवायचा. मग रंग. लाजवर्द घोटून निळा, हिंगुळाचा लाल, काजळाचा काळा, आणि सगळ्यांना धरून ठेवायला डिंक. प्रत्येक थर वाळला की पान पालथं करून पुन्हा घोटाई. सोनं शेवटाकडे. आणि सगळ्यात वेळखाऊ ते परदाज: दोन-चार केसांच्या टोकाने बारीक ठिपके आणि रेघा मारत मारत गालाला गोलाई आणायची. उस्ताद पूर्वी खारीच्या शेपटीच्या केसांची कलम बांधायचे, मी कृत्रिम केसांची वापरते. जयपूरला ज्या उस्तादांकडे मी शिकले ते परदाज करताना श्वाससुद्धा जपून घ्यायचे. घाईत मारलेला ठिपका त्यांना पानाच्या पलीकडून दिसायचा.

परदाजला बसलं की आजूबाजूचं काही उरत नाही. मला ते आवडतं. माझ्या आवडीतला कच्चा दुवा इथेच आहे. मुलगी लहान होती तेव्हा मी खोलीचं दार लोटून घ्यायचे, कारण एका धक्क्याने महिन्याचं काम जायचं. दाराबाहेरून "अम्मी, झालं?" असा आवाज यायचा आणि मी "थोडंच राहिलंय" म्हणायचे. तिचे अब्बा खिचडी टाकायचे. ती त्यांच्याकडे गोष्ट ऐकत झोपायची. आत मी कुठल्यातरी चित्रातल्या आईच्या गालावर मायेची गोलाई चढवत असायचे. यात विनोद आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं.

मी रडून-भेकून हे सांगत नाहीये. दार लोटून काम करायचा हक्क बाईला असायलाच हवा, आणि तो मी घेतला याचा मला पश्चात्ताप नाही. ते तास माझे होते आणि मला हवे होते. माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. त्या तासांची पावती मी मुलीच्या नावाने फाडते. "तिच्यासाठी केलं." नाही. चित्र माझ्यासाठी केलं. माझ्या हाताच्या सुखासाठी, उस्तादांनी "वाह" म्हणावं म्हणून, आणि ती जाणार या विचाराने पोटात पडलेला खड्डा कामाने भरून काढावा म्हणून. यातलं काहीच लाजिरवाणं नाही. फक्त ते मुलीवर केलेले उपकार नाहीत.

इस्लाममध्ये आईच्या मायेची सगळ्यात मोठी आठवण चित्रात नाही, धावण्यात आहे. पाण्यासाठी तडफडणाऱ्या तान्ह्या इस्माईलला ठेवून बीबी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाणी शोधत धावल्या. सात खेपा. हजला जाणारा प्रत्येक माणूस आजही त्या सात खेपा करतो. बादशहा असो की हमाल, एका घाबरलेल्या आईच्या पावलांवर पाऊल टाकल्याशिवाय त्याचा हज पुरा होत नाही. दादी हे फार अभिमानाने सांगायची. हाजरांना आपण कशा दिसतो याची शुद्ध नव्हती. नजर पाण्याकडे आणि बाळाकडे. या मापाने माझं चित्र मोजायला घेतलं तर मापात काहीच भरत नाही.

येशूची आई मरियम, तिचंही तसंच. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी सोबत आणलेल्या चित्रांचा आणि छापील ग्रंथांचा मुघल चित्रशाळेवर मोठा परिणाम झाला, आणि आपल्याकडच्या कलमांतून बाळाला घेतलेल्या मरियम उतरू लागल्या. सुंदर आहेत त्या: शांत, निळ्या वस्त्रातल्या, खाली झुकलेल्या नजरेच्या. माझ्या चित्रातल्या आईची बैठक मी त्यांच्यावरूनच घेतली आहे. पण कुराणात मरियमच्या नावाचा जो एकोणिसावा सुरा आहे, त्यातली मरियम खजुराच्या झाडाखाली एकटी आहे, तिला कळा येताहेत, आणि याआधीच आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं तिच्या तोंडून निघतं. मग तिला खोड हलवायला सांगितलं जातं, म्हणजे खजूर पडतील. कळा देणाऱ्या बाईलाच झाड हलवायला लावतात. मी बाळंतपणात होते तेव्हा मला ही मरियम आठवत होती. रंग घोटायला बसले तेव्हा दुसरी आठवली.

राहता राहिली चित्रातली आई. तिच्याबद्दल आजवर कुणी मला प्रश्न विचारलेला नाही, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारायला हवं.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची फारसी पोथी आहे. आफताबी या कवीने नगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी ती रचली. दखनी चित्रकलेचा अगदी आरंभीचा मोलाचा ऐवज आहे तो, आणि माझ्या गावचा. त्यातल्या एका चित्रात तरुणीच्या स्पर्शाने झाड फुलून येतं. माझं झाड तिथून आलंय. या पोथीत सुलतानाच्या जोडीला त्याची राणी खुंजा हुमायून हिचीही स्तुती आहे आणि चित्रांमध्ये तिला मानाने तख्तावर, राजाच्या जवळ बसवलं होतं. होतं म्हणायचं, कारण बहुतेक चित्रांत तिची आकृती आता नाही. पुसून टाकली आहे, नाहीतर रंगाखाली दडवली आहे. हुसेन १५६५ मध्ये, तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांत वारला. मुलगा मुर्तझा अजाण होता, म्हणून काही वर्षं राज्याचा कारभार खुंजा हुमायूननेच हाकला. मग मुलगा वयात आला आणि त्याने आईला कैदेत टाकलं. चित्रांतली राणी त्यानंतर नाहीशी झाली असावी, असं अभ्यासक मानतात. कोणाच्या हुकमाने, ते पोथी सांगत नाही. पुढे मुघलांपासून नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी याच बाईची मुलगी.

छापील चित्रांत ते डाग मी प्रथम पाहिले तेव्हा मला मुलाचा संताप आला होता. आईला पुसतोस? नंतर, स्वतःचं चित्र भिंतीवर लागल्यावर, मला तो डाग वेगळा दिसायला लागला. पुसणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: चित्रात मधोमध बसणं म्हणजे हक्क सांगणं. खुंजा हुमायूनच्या बाजूने इतिहासात बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि मुर्तझाच्या बाजूने फारसं नाही. पण मधोमध कोण बसलंय हा प्रश्न रास्त आहे, आणि तो माझ्या चित्रालाही लागू आहे.

माझ्या चित्रात मधोमध मी आहे. चेहरा साच्यातला असला तरी बसण्याची ढब, डोक्यावरून घेतलेली ओढणी, उजव्या हातातलं दादीचं कडं, सगळं माझं. वय मात्र पंधरा-वीस वर्षांनी कमी केलंय. प्रकाश माझ्यावर आहे, परदाजचं बारीक काम माझ्या गालावर आहे, झाड माझ्या माथ्यावर फुललंय. मुलगी म्हणजे मांडीवरचं एक डोकं. लोक ज्या मायेने पाणावतात ती एका आईने स्वतःच्या आईपणावर केलेली माया आहे. मुलगी घर सोडून निघाली होती आणि मी तिला मांडीवर निजवून, डोळे मिटून, सोन्याच्या आकाशाखाली पक्कं बसवलं होतं. जाणाऱ्या मुलीला दिलेल्या भेटीत जाण्याचा मागमूस नाही.

चित्रात एक जागा मात्र मला आजही पटते, ती म्हणजे हाशिया. तिथे मी कुठल्याही जुन्या पोथीतली फुलं घेतली नाहीत. जहांगीरने उस्ताद मन्सूरकडून काश्मीरची फुलं रंगवून घेतली. मी आमच्याकडची घेतली. तरवडाची पिवळी फुलं, बाभळीचे पिवळे गोंडे, कडुनिंबाचा मोहर, आणि नगर-पुणे रस्त्यावर उन्हाळ्यात पेटलेला गुलमोहर. सुट्टीत आजोळी जाताना बसच्या खिडकीतून मुलगी यांची नावं विचारायची आणि मी सांगायचे. बाभूळ तिला आवडायची, का ते कधी कळलं नाही. ही फुलं काढताना मला कुणी वाह म्हणावं असं वाटत नव्हतं, मीही त्यात कुठे नव्हते. मुलीनेही चित्रात बोट ठेवलं ते तिथेच. "ही बाभूळ," ती म्हणाली. नाकाची तक्रार त्यानंतरची.

ते चित्र एका संग्राहकाने मागितलं होतं. मी नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं की ते मुलीचं आहे. हे कारण टिकणारं नव्हतं, म्हणून मी मुलीला विचारलं. तिने सांगितलं, विकून टाक, पैशांतून चांगला लाजवर्द घे. मला ते लागलं. मग मी ते विकलं, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं: ते तिचं कधी नव्हतंच.

नवं पान घ्यायचं आहे. त्याचा खाका तयार आहे. त्यात मुलगी एकटी आहे, डोळे उघडे, पाठीला पिशवी, चेहरा थेट समोर. जुन्या चित्रांत असा समोरून चेहरा फार कमी दिसतो, उस्तादांना तो रुचणार नाही. नाक तिच्या अब्बांचं काढलंय. हनुवटीवरचा व्रण ठेवलाय. आई चित्रात नाही. खाक्याचा फोटो मी तिला पाठवला आणि वसलीवर उतरवू का, असं विचारलं. तिने अजून हो म्हटलेलं नाही, आणि ती हो म्हणेपर्यंत मी तो उतरवणार नाही.